घरट्याच्या रंगाची मंजुरी

विषय : घरट्यास हिरवा रंग मंजूर करणेबाबत.

फार पूर्वी विहिरीकाठच्या बाभळीवर सुगरणपंत नावाच्या पक्ष्याने ओल्या, हिरव्या पात्यांचे घरटे विणले. झाडाचे कारभारी बगळेसाहेब म्हणाले, "सभ्य घर पांढरं असतं. हिरवंच हवं तर अर्ज करा. मंजुरीपर्यंत आत जायचं नाही."

"तुमची फांदी कशानं पांढरी झालीय, ते खाली बसणाऱ्यांना विचारा," पंत संतापून म्हणाले. पण बायको अंडी घालायला टेकली होती, म्हणून त्यांनी अर्ज केला.

साहेब पाहणीला आले तोवर गवत वाळले होते.

"अर्जात हिरवा आणि घर पिवळं? ही फसवणूक आहे."

"गवत वाळतं, साहेब."

"मग पिवळ्याचा अर्ज करा."

"अहो, तुम्ही लिहीत बसा," असे म्हणून बायको आत शिरली आणि तिने अंडी घातली.

पिल्ले केव्हाच उडून गेली. पिवळ्या रंगाचा अर्ज विचाराधीन आहे.