चिचीचा कुंचला आणि सगळ्यांची पोटदुखी

एक होती चिचुंद्री. एवढीशी, अंगठ्याएवढी. नाव तिचं चिची.

चिचीनं कडुलिंबाची काडी घेतली. कचकच कचकच चावली. टोकाला झुपका झाला. कुंचला तयार! पाला ठेचला, हिरवा रंग. कोळसा उगाळला, काळा रंग. हळद कालवली, पिवळा रंग.

परसातल्या फरशीवर चिची चित्र काढू लागली. झाड काढलं. विहीर काढली. विहिरीतला बेडूकसुद्धा काढला. आता सूर्य काढणार, तेवढ्यात...

फडफड फडफड! कावळेकाका आले. कुंचला उचलला. गेले उडून. विचारलं नाही, सांगितलं नाही. मोठे ना ते!

चिची वर बघत राहिली. माझा कुंचला, आणि त्यांच्या चोचीत? चित्र तर त्यांना येतसुद्धा नाही!

चिची कावळ्याच्या झाडाखाली गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"कावळेकाका, कावळेकाका, कुंचला द्या."

"देणार नाही. पोटात दुखतंय."

"कैऱ्या खाल्ल्या का?"

"नाही गं! सुगरणीचं घरटं सगळे बघतात. माझं कुणी बघत नाही. म्हणून घरट्यात कुंचला खोचलाय. शेळीचा लाल गोंडा आण, तो लावतो. मग कुंचला."

चिची निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"शेळीमावशी, शेळीमावशी, गोंडा दे.
कावळा देईना कुंचला,
मी चित्र काढू कशानं?"

"देणार नाही. पोटात दुखतंय."

"कैऱ्या खाल्ल्या का?"

"नाही गं! म्हशीला रोज पेंड. मला नुसता पाला. पेंड आण. मग गोंडा."

चिची निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"म्हैसआजी, म्हैसआजी, पेंड दे.
शेळी देईना गोंडा,
कावळा देईना कुंचला,
मी चित्र काढू कशानं?"

"देणार नाही. पोटात दुखतंय."

"कैऱ्या खाल्ल्या का?"

"नाही गं! कोंबड्याला शेपटी पिसांची. माझी बघ, नुसती सुतळी! पीस आण, शेपटीत खोचते. मग पेंड."

चिची निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"कोंबडेआजोबा, कोंबडेआजोबा, पीस द्या.
म्हैस देईना पेंड,
शेळी देईना गोंडा,
कावळा देईना कुंचला,
मी चित्र काढू कशानं?"

"देणार नाही. पोटात दुखतंय."

"कैऱ्या खाल्ल्या का?"

"नाही गं! झाड काढलंस. विहीर काढलीस. त्या बेडकालासुद्धा काढलंस! मला नाही काढलंस. मला काढ. लाल तुऱ्याचा. मग पीस."

"अहो आजोबा, कुंचलाच नाही!"

"ते मला सांगू नकोस. मोठ्यांना उलट बोलायचं नाही!"

चिची फरशीकडे आली. पाय आपटले. टप टप टप! शेपटी आपटली. ती पडली हळदीत. पुन्हा आपटली. ती पडली फरशीवर. फटॅक!

फरशीवर पिवळा फटकारा!

"अय्या! शेपटीनं काढता येतं की!"

सर्रर्र, कोंबड्याचं पोट. सुर्रर्र, कोंबड्याची मान. दोन रेघा, दोन पाय. पण तुरा? लाल रंग तर नाहीच!

चिची मागे सरकली. मागे होती भिंत. भिंतीला होता ओला चुना. हळदीची शेपटी चुन्याला लागली.

पिवळी शेपटी झाली लाल! लाल लाल लाल!

टिप टिप टिप. कोंबड्याला तुरा आला.

कोंबडा पळत आला. मान वाकडी करून बघितलं. "कुकूच कू! हा तर मीच!" पोटात दुखायचं थांबलं.

कोंबड्यानं पीस दिलं.
पीस दिलं म्हशीला, म्हशीनं पेंड दिली.
पेंड दिली शेळीला, शेळीनं गोंडा दिला.
गोंडा दिला कावळ्याला. आणि कावळ्यानं...

कावळ्यानं शेपटी बघितली. लाल लाल! कावळ्यानं चित्र बघितलं.

"हे शेपटीनं काढलंस? मला का नाही अशी शेपटी? आई गं! पुन्हा पोटात दुखतंय!"

"दुखू दे. आधी माझा कुंचला."

कावळ्यानं मान खाली घातली. कुंचला दिला.

"मला पण शिकव ना गं, चिची."

"सोप्पं आहे, काका. कडुलिंबाची काडी घ्या. चावत बसा."

एका हातात कुंचला, मागे लाल शेपटी. चिचीनं सूर्य काढला. हा एवढा मोठ्ठा!

आणि कावळेकाका? कावळ्याला कुठले दात!
कचकच नाही, कुचकुच नाही.
काका अजून काडी चावतायत,
चिचीचं चित्र मात्र झालं!