चिमाचं दुहेरी छप्पर

प्राणी आपली शेती आपणच करत, त्या दिवसांतली ही हकिगत. एका थंड पठारावर चिमा नावाची साळिंदर राहायची. तिनं मिरचीची रोपं लावली आणि त्यांना थंडी लागू नये म्हणून बांबूच्या कमानी रोवून वर प्लॅस्टिकचा कागद घातला. पण कागद पाठीवरून ओढून आणताना काट्यांनी त्याला भोकंच भोकं पडली.

शेजारचा ससा हसला. "चिमाताई, अंगावर सुया घेऊन छप्पर घालायला निघालीस! माझा कागद बघ, कसा कोरा करकरीत."

चिमाच्या डोळ्यांत पाणी आलं. बी संपलं होतं. ही रोपं गेली तर वर्ष वाया जाणार होतं. ती त्या छपराखाली जाऊन बसली आणि वारा कुठून येतो ते पाहत राहिली. मग तिनं कमानींवर काटक्या बांधल्या आणि त्यांच्यावर दुसरा कागद ताणला. त्यालाही भोकं पडली होती, पण एकही खालच्या भोकासमोर येणार नाही, असा तिनं तो सरकवून बसवला. दोन कागदांमध्ये बोटभर हवा कोंडून राहिली आणि तिनं आतली ऊब धरून ठेवली.

त्याच आठवड्यात दवाचा बर्फ झाला. सकाळी सशाची एकेरी कागदाखालची रोपं काळी पडली होती. चिमाची मात्र हिरवीगार, ताठ उभी! आनंदानं तिचे सगळे काटे खुळखुळ वाजले.

ससा मान खाली घालून आला. चिमानं त्याला आपली निम्मी रोपं दिली.

"ताई, माझंही छप्पर घालून देशील?"

"देईन की. पण भोकं पडतील हं."

"पडू देत," ससा म्हणाला आणि तिच्यासाठी शिडी धरून उभा राहिला.