नवी कोठी, जुने बिल्ले

खूप खूप वर्षांपूर्वी, राजे झाडाखाली बसून न्याय करायचे त्या काळी, एका नदीकाठच्या राज्यात एक मोठी कोठी होती. धान्य, तेल, शस्त्रे, औषधे, राज्याचे सगळे त्या कोठीत.

कोठीला सात दालने होती आणि सात दारे. ज्यांचे तिथे काम असे त्यांना प्रधानाने लाकडी बिल्ले दिले होते. पहिल्या दाराच्या बिल्ल्याला एक खाच, दुसऱ्याच्या दोन, असे पुढे. पहारेकऱ्याने खाचा मोजायच्या आणि त्या आकड्याच्या दाराशी माणसाला सोडायचे. शिपाई एका खाचेवर भाले नेत. सुईण तीन खाचांवर बाळंतिणीची औषधे नेई. खाचा पाडण्याचा अधिकार एकट्या प्रधानाचा.

पुढे त्या कोठीला वाळवी लागली. प्रधानाने नवी दगडी कोठी बांधली, आणि बांधली ती अशी की पाहतच राहावे. ऐसपैस, हवेशीर, वर एक दालन जास्तीचे. सामानही त्याने विचार करून लावले. शस्त्रे मैदानाजवळच्या तिसऱ्या दालनात, गूळ-तूप पहिल्यात, औषधे सावलीच्या टोकाला, आठव्यात. बिल्ले मात्र जुनेच राहू दिले. चांगले धडधाकट बिल्ले, बदलायचे कशाला, असे त्याला वाटले. खरे सांगायचे तर मलाही तेच वाटले असते.

कोठी उघडली आणि गोंधळाला सुरुवात झाली. शिपाई भाले आणायला गेले ते गूळ खात बाहेर आले. हलवाई साखरेला गेला, त्याच्यापुढे नांगराचे फाळ. गावची सुईण आली होती कस्तुरीच्या मात्रेसाठी. तिच्या सुनेचे दिवस भरत आले होते, पोर अंगाने फार नाजूक होती, आणि ही मात्रा राज्यात कोठीशिवाय कुठेच मिळत नसे. पहारेकऱ्याने तिच्या खाचा मोजल्या, लवून मुजरा केला आणि तिला तलवारींच्या दालनात नेऊन सोडले. म्हातारी बिचारी तलवारींकडे बघत उभी राहिली.

तक्रारी प्रधानाकडे गेल्या. त्याने सुईणीचा बिल्ला हातात घेऊन पाहिला. तीन खाचा, बरोबर. पहारेकऱ्याला विचारले, तीन खाचांना तिसरे दार उघडलेस का? उघडले, बरोबर. दाराची कडी पाहिली, तीही बरोबर. सगळेच बरोबर होते आणि कुणाचेच काम होत नव्हते. प्रधानाचे डोके गरगरू लागले.

खाचांत मळ साचला असेल, म्हणून त्याने सगळ्यांचे बिल्ले घासून घेतले. काही फरक पडला नाही. मग पहारेकरी अदलून बदलून पाहिले. नव्या पहारेकऱ्यानेही सुईणीला तलवारीच दाखवल्या. शेवटी वैतागून त्याने हुकूम सोडला की सातही दारे सगळ्यांना उघडी. संध्याकाळपर्यंत तुपाची मडकी रिकामी झाली, दोन शेजारी तलवारी घेऊन बांधावरून भांडू लागले, आणि हलवायाची शेळी धान्यात बसून निवांत रवंथ करताना सापडली.

तेव्हा प्रधान असा बिथरला की काही विचारू नका. त्याने दुसरा हुकूम काढला. आता बिल्ल्याप्रमाणेच दार उघडेल. खुद्द प्रधान आला तरी खाचा मोजल्याशिवाय आत सोडायचे नाही.

आणि नेमकी त्याच वेळी सुईणीची सून बाळंत झाली. बाळ खणखणीत रडले, पण आईचे अंग गार पडू लागले. पाय थंड, मग हात थंड. सुईण बाळाला शेजारणीच्या ओटीत टाकून धावतच प्रधानाकडे आली. तिने बिल्ला त्याच्यापुढे ठेवला.

"प्रधानजी, हा घ्या तुमचा बिल्ला," ती म्हणाली. "मला दार नको. मला मात्रा पाहिजे. माझी सून चालली."

प्रधान त्या बिल्ल्याकडे बघत राहिला. इतके दिवस त्याने तिला एकदाही विचारले नव्हते की बाई, तुला आत जाऊन घ्यायचे काय असते. त्याला स्वतःची लाज वाटली. बिल्ला उचलून तो तिच्याबरोबर निघाला, आणि तिसऱ्या दाराशी न थांबता थेट औषधांच्या दालनाशी गेला.

तिथल्या पहारेकऱ्याने भाला आडवा धरला. प्रधानाने आपला बिल्ला दाखवला. पहारेकऱ्याने खाचा मोजल्या आणि मान हलवली.

"सात आहेत, प्रधानजी. हे आठवं दार."

"अरे, पण आठ खाचांचा बिल्ला आहे तरी कुणाकडे?"

"कुणाकडेच नाही," पहारेकरी छाती काढून म्हणाला. "कोठी उघडल्यापासून इथून एक माणूस आत गेलेला नाही. दारे उघडी केलीत त्या दिवशीही तुमचा हुकूम सातच दारांचा होता. सगळ्यांत चोख पहारा माझाच आहे, प्रधानजी."

प्रधान आपल्याच कोठीच्या उंबऱ्यावर खाली बसला. दालन बांधले त्याने, औषधे लावली त्याने, पहारा बसवला त्यानेच. आत कुणी जायचे, एवढेच ठरवायचे राहून गेले होते. शेजारी सुईण उभी होती. तिच्या मनात घरातले गार पडणारे पाय होते.

त्याने पहारेकऱ्याचा भाला मागून घेतला आणि त्याच्या टोकाने सुईणीच्या बिल्ल्यावर उरलेल्या खाचा पाडल्या. घाईत खाचा वेड्यावाकड्या आल्या. पहारेकऱ्याने त्या शांतपणे मोजल्या, मुजरा केला आणि दार उघडले.

सुईण मात्रा घेऊन पळाली. मात्रा उगाळली, सुनेला चाटवली आणि तिचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसली. बराच वेळ काही कळेना. मग पाय हळूहळू ऊब धरू लागले, आणि सुनेने डोळे न उघडताच विचारले, "बाळाला घेतलंय ना कुणी?" तेव्हा कुठे म्हातारी रडली.

प्रधानाने सगळे जुने बिल्ले परत मागवले. प्रत्येकाला समोर बसवून विचारले, तुझे काम काय, आणि त्यासाठी तुला काय लागते. सांगेल तसा नवा बिल्ला करून दिला. खाचा गेल्या आणि त्यांच्या जागी चित्रे आली. शिपायाला भाला, हलवायाला उसाचे कांडे, सुईणीला पाळणा. तशीच चित्रे दारांवर लागली. पुढे कोठीतले सामान कितीदा तरी हलले, पण सामान हलले की दारावरची चित्रेही त्याच्याबरोबर हलत, आणि कुणी रिकाम्या हाताने परत गेले नाही.

तात्पर्य : अधिकार दाराला बांधू नये, कामाला बांधावा, म्हणजे घर बदलले तरी गरजू माणूस उंबऱ्यावर ताटकळत नाही.