खारवेळची सगुणाबाई आणि पुस्तकांचा बांध

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची म्हणाल, तर खाडीवर पूल नव्हता, गावात वीज नव्हती आणि खारवेळची माणसं चंद्राकडे बघून भरतीची वेळ सांगायची तेव्हाची. खारवेळ हे खाडीकाठचं गाव. खाऱ्या पाण्याला मातीच्या बांधानं थोपवायचं आणि बांधाच्या आत भात पिकवायचं, हा तिथला पिढ्यान् पिढ्यांचा धंदा. बांधाच्या एका टोकाला उंचावर घरं, दुसऱ्या टोकाला बुटक्या टेकाडावर शाळा, आणि मध्ये बांधावरून जाणारी पायवाट. दुसरा रस्ता नाही.

त्या शाळेत एक दिवस सगुणाबाई आली. कुणी म्हणतं घाटावरून चालत आली. कुणी म्हणतं भरतीच्या पाण्यावर पुस्तकांची पेटी तरंगत आली आणि पेटीवर ही बसलेली, लुगड्याचा काठसुद्धा कोरडा. अंगानं काडी, पण आवाज असा खणखणीत की तिनं शाळेत हजेरी घेतली की खाडीपलीकडच्या गावातली पोरंही झोपेतून उठून "हजर" म्हणायची, असं म्हणतात.

ती मास्तरीण होती आणि वाचनालयही तीच चालवायची. शाळेच्या मागच्या भिंतीला तिनं दोन लांबलचक सागवानी कपाटं उभी केली आणि दारोदार हात पसरून ती पुस्तकांनी भरली. कपाटांना आधी दारं होती. बाईनं पहिल्याच दिवशी बिजागऱ्या उपटून दारं काढली आणि त्यांचे बसायला बाक केले. "कुलपातली पुस्तकं वाळवीच वाचते," म्हणाली. ज्याला हवं त्यानं यावं, पुस्तक न्यावं, वाचून आणून ठेवावं. गावातली पोरं भात राखता राखता वाचायची, म्हशीच्या पाठीवर बसून वाचायची. म्हशीसुद्धा गोष्ट संपेपर्यंत पाण्यातून उठायच्या नाहीत, असं म्हणतात.

शाळा झाडायला हासूबाई यायची. हासूबाईचं वय झालेलं, लेक आणि जावई एकाच तापानं गेलेले, पदरात एकटी नात, बारकी. बारकी शाळेत जायची आणि हासूबाईचा सगळा जीव त्या पोरीत. हासूबाईची स्वतःची अक्षरओळख म्हणाल तर शून्य. पण पुस्तकांवर भक्ती केवढी! रोज झाडून झालं की ती कपाटांना हळद-कुंकू वाहायची, गुरुवारी झेंडूचं फूल ठेवायची. आणि कुणा पोराचा पाय चुकून पुस्तकाला लागला की संपलंच. हासूबाई कुठूनही येऊन कान पिळायची. "विद्येला पाय लावलास? पाया पड आदी!" पोर दहादा वाकून नमस्कार करी तेव्हा कान सुटायचा. त्यामुळे खारवेळचं पोर एकवेळ विंचवावर पाय देईल, पण पुस्तकावर देणार नाही.

सगुणाबाई तिला म्हणायची, "हासूबाई, इतकी पूजा करतेस, एकदा उघडून तर बघ."

"देवाला काय उघडून बगतात, बाई?" हासूबाई म्हणायची, आणि सगुणाबाई कपाळावर हात मारून घ्यायची.

तर काय झालं, भाद्रपदातली अमावास्या आली. खाडीकाठच्या माणसाला सांगायला नको, त्या दिवसाचं उधाण वाईट. त्यात वारा सुटला होता, आणि बांधाच्या पोटात खेकड्यांनी कधीची बिळं करून ठेवली होती. हासूबाई सकाळी शाळा झाडून घरी आली होती, चुलीवर भात शिजत होता, आणि भर दुपारी आरोळी उठली, "खांड परली! बांधाला खांड परली!"

हासूबाई भात तसाच टाकून धावली. बघते तर बांध बरोबर मध्ये फुटलेला. अलीकडे गाव, पलीकडे शाळा, आणि मधल्या खिंडारातून समुद्र आत घुसलेला. शेतं बघता बघता खाडीसारखी दिसायला लागली. गड्यांनी पेंढा टाकला, वाहून गेला. दगड टाकले, तेही गेले. होडी घातली तर पाण्यानं ती उलटी करून भिरकावून दिली. शाळेचं टेकाड बुटकं. भरती पुरी चढली की ते बुडणार, हे सगळ्यांना दिसत होतं. आणि त्या टेकाडावर गावातलं एकूण एक पोर होतं. बारकीही होती.

आता सगुणाबाईकडे बघा! बाई बांधाच्या तुटक्या टोकाशी येऊन उभी राहिली आणि वर्गातल्या द्वाड पोराकडे बघावं तशी तिनं पाण्याकडे बघितलं. मग पोरांकडे वळून ओरडली, "कपाटं रिकामी करा! ओढत आणा!"

पोरांनी कपाटं ओढली. कुठून ताकद आली कोण जाणे, मोठ्या गड्यांना न हलणारी सागवानी कपाटं त्या चिमुरड्यांनी बांधावरून नेली, असं म्हणतात. बाईनं ती खिंडारात उताणी पाडली, एकापुढे एक. पोरांनी हातोहात पुस्तकं आणली. "ठासून भरा! सैल पुस्तक वाहून जातं! अजून ठासा!" गोष्टींची पुस्तकं गेली, भूगोल गेला, गणितं गेली, जाड जाड कोश गेले. पुस्तकं पाणी प्यायली आणि टम्म फुगली. फुगली तशी कपाटं दोन्ही बाजूंच्या मातीत पाचर बसावी तशी घट्ट बसली. पाण्याला वाट उरली नाही. समुद्र आला, कपाटांना धडकला आणि थबकला. पाणी वाचायला थांबलं, असं म्हणतात!

दोन्हीकडून एकच जल्लोष झाला. "चला, पळा!" सगुणाबाई ओरडली.

रांगेत पहिली बारकी होती. तिनं पाय उचलला. खाली बघितलं. खाली पुस्तकं होती.

बारकीनं पाय मागे घेतला, वाकली आणि नमस्कार केला. तिच्या मागच्या पोरांनीही केला. त्यांच्या मागच्यांनीही. आता एकेका पुस्तकाच्या पाया पडत जायचं म्हटलं तर भरती काय त्यांच्यासाठी खोळंबणार होती? सगुणाबाई गरजली, विनवणी केली, छडीसुद्धा उगारली. सगुणाबाईचा शब्द मोडायची पोरांची ती पहिलीच वेळ.

"पाप लागंल, बाई!" पोरं रडायला लागली. चढत्या भरतीचं पाणी त्यांच्या घोट्यांना लागलं होतं.

मग बारकीनं पलीकडे बघितलं आणि हाक मारली, "आजे, येऊ का? का पाया पडू आदी?"

अख्खं गाव हासूबाईकडे बघायला लागलं. ज्या ज्या पोरांचे कान तिनं पिळले होते, ती सगळी तिच्याकडे बघत होती. "ये गो माझी बाय," असं नुसतं तोंडानं सांगून पोरं येणार नव्हती, हे तिला कळत होतं. आधी तिनंच जायला हवं होतं. ती कडेपर्यंत गेली. समोर एक पुस्तक उघडं पडलेलं, त्यावर तिनंच सकाळी वाहिलेलं कुंकू पाण्यात विरघळत होतं. तिचे हात सवयीनं जुळले.

"हासूबाई!" पलीकडून सगुणाबाईचा आवाज आला. "हात सोड आणि पाय टाक! लागल्या पायाचं मी बघते! नंतर पानं वाचून फेड!"

"मला कुटं वाचता येतं, बाई?"

"मग मला इथून जिवंत बाहेर काढ, शिकवते!"

हासूबाईला त्याही वेळी हसू फुटलं, आणि हसता हसता रडूही. तिनं डोळे मिटले आणि पाय टाकला. आभाळ कोसळलं नाही. वीज पडली नाही. पायाखालचं पुस्तक मऊ होतं, आणि त्यानं तिचा भार घेतला. हासूबाईनं दुसरा पाय टाकला, तिसरा टाकला, आणि मग ती जी धावत सुटली ती पलीकडे जाऊन बारकीला छातीशी धरूनच थांबली. "या रे!" ती ओरडली. "पुस्तकांवरून या! मी सांगते, या!"

मग काय विचारता! पोरं सुटली. धपाधप, धपाधप! लहानग्यांना मोठ्यांनी काखोटीला मारलं. हासूबाई मध्ये उभी राहून एकेकाला पुढे ढकलत होती, अलीकडे गडी एकेकाला उचलून घेत होते, आणि सगळ्यांच्या मागून सगुणाबाई पदर खोचून येत होती. तिनं अलीकडे पाय ठेवला आणि मागं कडाडकन आवाज झाला. कपाटं गेली. पुस्तकं गेली. सगळं वाचनालय समुद्रानं नेलं. बाई त्या पाण्याकडे बघत राहिली, आणि गावानं तिला पहिल्यांदा रडताना बघितलं. पोरं तिच्या पदराला धरून उभी होती.

पण खारवेळची माणसं स्वस्थ बसतात होय? ओहोटी लागली तशी गावातली प्रत्येक होडी बाहेर पडली, प्रत्येक जाळं पाण्यात गेलं. त्या आठवड्यात खाडीत मासळी कमी आणि पुस्तकं जास्त लागली, असं म्हणतात. सापडेल ते पान बोंबील सुकवायच्या दोऱ्यांवर वाळत घातलं. खारवेळच्या वाचनालयातलं जुनं पुस्तक उघडलं तर अजून सुक्या बोंबलाचा वास येतो. मांजरं तिथं फार, ती यामुळेच.

आणि हासूबाई? दुसऱ्याच दिवशी ती पाटी घेऊन बाईसमोर बसली. "बाई, पानं फेडायचीत," म्हणाली. तिची बोटं खराट्याला सरावलेली, पेन्सिल धरवेना. अक्षरं सकाळी यायची आणि संध्याकाळी पळायची. बारकी हसायची, गाव हसायचं, पण सगुणाबाई एकदाही हसली नाही. अखेर नव्या बांधावर सगळ्यांसमोर हासूबाईनं पहिलं पान वाचलं, ओळीखाली बोट धरून, अडखळत, घाम पुसत. पान संपलं तेव्हा तिचे हात आपोआप जुळले, पुस्तकाकडे नव्हे, बाईकडे. ती सगुणाबाईच्या पाया पडली आणि म्हणाली, "माझ्या आयनं मला जल्म दिला, बाई, पन दिसायला तुमीच लावलंत."

सगुणाबाईनं डोळे पुसले आणि म्हणाली, "शेवटची ओळ गाळलीस. परत वाच."

पुढे सगुणाबाई म्हातारी झाली आणि एका भरतीबरोबर निघून गेली. कुठं, ते कुणालाच ठाऊक नाही. पण खारवेळमध्ये आजही पुस्तकाला पाय लागला तर कुणी पुस्तकाच्या पाया पडत नाही. ते उचलायचं, उघडेल ते पान खणखणीत आवाजात वाचायचं. नव्या सुनेला, पाहुण्याला, तपासणीला आलेल्या साहेबालासुद्धा सुटका नाही. याला तिथं सगुणाबाईचं पान म्हणतात.

आणि भाद्रपदातल्या अमावास्येला, भर दुपारी, त्या वर्षी वाचायला शिकलेलं सगळ्यात वयस्कर माणूस बांधावर उभं राहून पान वाचतं. वाचून झालं की ज्यानं शिकवलं त्याच्या पाया पडतं. गेल्या साली म्हाताऱ्या पोसूनं वाचलं. त्याला शिकवलं होतं त्याच्या चौथीतल्या नातीनं. आजोबा वाकताहेत असं बघून पोर लाजली आणि बांधावरून धूम पळाली, आणि सगळं गाव हसत, ओरडत तिच्यामागे धावलं. तिला धरून परत आणलं, मधोमध उभी केली, आणि म्हाताऱ्याला तिच्या पाया पडू दिलं. खारवेळमध्ये हा मान कुणालाही चुकवता येत नाही.