तुऱ्याची कवनं, कलगीच्या घरी

"तुमच्याकडची प्रत कुणाला दिली म्हणालात?"

"दसारामला," गोमाजी शाहीर म्हणाले.

"तुमच्या प्रतिस्पर्ध्याला?" निलयनं विचारलं.

निलय शेंडे भंडाऱ्याला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा आणि रविवारी गोमाजींकडे शाहिरी शिकायला यायचा. तीन वर्षं खपून त्यानं गुरुजींची एकशे बारा कवनं त्यांच्याच आवाजात एका पेन ड्राइव्हमध्ये भरली होती. "आता तुम्ही अमर झालात," असंही तो तेव्हा म्हणाला होता.

गुरुजी एवढंच बोलले होते, "मग मलाही एक प्रत दे."

म्हाताऱ्याचं मन राखायचं म्हणून त्यानं दिली.

पुढे गुरुजींच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाणं गेलं, नुसती कुजबुज उरली. निलयचा ड्राइव्ह मात्र पत्र्याच्या खोलीत, कपाटावर, दोन उन्हाळे तसाच पडून होता. आज त्यानं तो लावला. कवनांची नावं दिसली, वाजेना एकही.

दुरुस्तीवाला म्हणाला, "सर, याला उष्णता सोसत नाही. इतके दिवस नुसता तापत पडला की आतलं पुसत जातं. दुसरी प्रत असेलच ना तुमच्याकडे?"

कॉम्प्युटरच्या मास्तरला गुरुजींकडची प्रत आठवली आणि तो तडक त्यांच्याकडे आला होता.

"गुरुजी, आपण तुऱ्याचे, ते कलगीचे. चाळीस वर्षं फडावर ते तुम्हाला सवाल घालून हरवायला बघतात. तुमची सगळी उत्तरं होती त्यात..."

"होती."

"म्हणजे गेल्या साली लाखनीच्या फडावर आपण हरलो, ते..."

गुरुजींनी शांतपणे होकाराची मान हलवली.

"त्यापेक्षा ती प्रतही माझ्याकडेच ठेवायची होती."

"कुठं ठेवली असतीस?"

निलयला पत्र्याची खोली आठवली. त्याच कपाटावर ठेवली असती.

"दसारामकडे जा, ऐकून ये," गुरुजी म्हणाले.

दसारामजी कापगत्यांनी त्याला पाणी दिलं आणि एक कवन लावलं. गोमाजींचा जुना, खणखणीत आवाज घरभर भरला. एकशे बाराही कवनं जशीच्या तशी होती. एक प्रत या घरात, एक नागपूरला लेकीकडे, एक फडात मागे सूर धरणाऱ्या झीलकऱ्याकडे. दर दोन महिन्यांनी दसारामजी तिन्ही ठिकाणची लावून बघत.

"तुझा गुरू वेडा आहे," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

निलय परत आला आणि त्यानं गुरुजींच्या पायांवर डोकं टेकलं.

"एवढं जपलंय त्यांनी, गुरुजी. मी शिष्य असून जपलं नाही. ते तर तुमचे वैरी... त्यांनी का जपावं?"

गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. कुजबुज ऐकायला निलयला कान जवळ न्यावा लागला.

"मला हरवायचं, तर मी उरायला नको का?"