अंगठा आणि करंगळी

नगरपरिषदेच्या कचेरीत अधीक्षक तोरस्कर साहेबांचा एक हेका होता. कागदावर नावांपुढचे हुद्दे सरळ रांगेत आणायचे तर अंगठ्याने स्पेसबार मोजून मोजून दाबायचा. कंत्राटी टायपिस्ट वृषाली गुरव मात्र करंगळीने एकदाच टॅबची कळ दाबून थेट ठरल्या जागी पोचायची.

"हा निव्वळ आळस आहे," साहेब म्हणाले. "उद्या सत्काराची यादी दोघंही टाइप करू. माझी जास्त सरळ निघाली, तर तुमच्या मुदतवाढीवर माझी सही नाही."

दुसऱ्या दिवशी दोन्ही याद्या संगणकावर उघडल्या. साहेबांनी सकाळभर खपून हुद्द्यांची रांग अगदी ओळंब्यात आणली होती. वृषालीने दोन्ही याद्या वरपासून खालपर्यंत वाचल्या. मग तिची नजर यादीतल्या साहेबांच्याच नावावर थांबली.

"दोन्ही सरळच आहेत, साहेब. पण आपल्या नावाआधी 'डॉ.' राहिलंय. मागच्याच महिन्यात मानद पदवी मिळाली ना?"

साहेब खुलले. त्यांनी स्वतःच्या हाताने दोन्ही याद्यांत 'डॉ.' घातलं. वृषालीच्या यादीत हुद्दा जागचा हलला नाही. साहेबांच्या यादीत मात्र त्यांचा एकट्याचा हुद्दा रांग सोडून पुढे सरकला.

"साहेब," वृषाली हळूच म्हणाली, "माणसाचा मान वाढला म्हणून त्याला रांगेबाहेर काढणं बरं दिसत नाही. म्हणून मी टॅब वापरते."

साहेबांनी मुदतवाढीचा कागद ओढून सही ठोकली. मग खुर्ची जवळ घेत खालच्या आवाजात विचारलं, "करंगळीच लागते, की दुसरं बोट चालतं?"