तीस दिवसांची पोथी

एका राज्यात, जिथली नदी दोनदा वळसा घेऊन आपल्याच उगमाकडे पाहते, सुकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. राजा शूर होता, दानी होता, पण त्याच्यापाशी धीर नव्हता. एके दिवशी शंबल नावाचा मांत्रिक दरबारात आला आणि आपल्या शंभर वर्षांच्या आयुष्याची कथा सांगू लागला. कथा अर्ध्यावर आली, तोच रानात वाघ दिसल्याची वर्दी आली. राजा उठला आणि शिकारीला निघून गेला.

शंबलाने हातातला दंड भुईवर टेकला. "राजाचे ऐकणे अर्धे राहिले," तो म्हणाला. "आता या राज्यात सारेच अर्धे राहील."

तसेच झाले. कुंभाराचे मडके चाकावर फिरतच राही, घडून खाली उतरत नसे. पुलाची शेवटची कमान दिवसभर बसवावी, तर सकाळी तिचे दगड काठावर ओळीने मांडलेले असत. लग्नात मंगलाष्टके संपत नसत. नवरानवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभी राहून दमत आणि आपापल्या घरी जात. आंब्याला मोहर येई, कैरी धरे, पाड मात्र लागत नसे.

त्या नगरात विरजा नावाची बाई होती. राजाच्या ग्रंथशाळेत ती पोथ्यांच्या नकला करी. वीस वर्षे तिने दुसऱ्यांचे शब्द उतरवले होते, स्वतःची ओळ एकही लिहिली नव्हती. तिचा नवरा श्रीरंग कागद घडवीत असे. शापाच्या आधीच तो तापाने गेला. एका संध्याकाळी डोळे मिटले ते मिटलेच, निरोपाचा शब्दही बोलला नाही. मागे एक लेक होती, केतकी. केतकीला दिवस गेले होते, आणि शापामुळे दोन वर्षे झाली तरी ती बाळंत होत नव्हती. बाळ पोटात हालत होते आणि आई मेणबत्तीसारखी झिजत होती. सुईणीने विरजेला बाजूला घेऊन सांगितले, की येत्या अमावास्येपलीकडे ही पोर निभावेल असे दिसत नाही.

इकडे राजाला पुष्कळ आधीच पश्चात्ताप झाला होता. तो अनवाणी शंबलाच्या गुहेपाशी गेला. शंबलाने सांगितले, की दिलेला शाप त्यालाही परत घेता येत नाही. पण उतारा आहे. ज्याने स्वतःची ओळ कधी लिहिली नाही, अशा माणसाने एका महिन्यात एक सबंध कथा लिहावी, कोणी कधी न ऐकलेली. नियम तीन. रोज सात पाने भरावीत. लिहिलेले खोडू नये, फाडू नये. आणि अमावास्येचा सूर्य मावळण्याआधी कथा संपवावी.

विरजेच्या आधी तिघांनी प्रयत्न केला होता. एका सरदाराने सहाव्या दिवशी रागाने पान फाडले. त्याची सारी पाने कोरी झाली. एका ज्योतिष्याने मुहूर्त नाही म्हणून एक दिवस चुकवला. त्याची शाई धुरासारखी उडून गेली. एका माळिणीने महिनाभर लिहिले, पण तिला शेवट सापडला नाही, आणि अजून ती बागेत फिरताना तो शोधीत असते.

मग विरजा राजासमोर उभी राहिली.

"तुला कथा रचता येते?" राजाने विचारले.

"येत नाही, महाराज. म्हणूनच आले."

शुद्ध प्रतिपदेला विरजेने श्रीरंगाच्या हातचा कागदांचा शेवटचा गठ्ठा सोडला, बोरू तासला आणि खिडकीपाशी बसली. दुपारपर्यंत कागद कोराच होता. शेवटी तिने लिहिले, 'एका नदीवर एक नावाडी होता. पैलतीर त्याने कधी पाहिला नव्हता.' पुढे काय, हे तिला ठाऊक नव्हते. म्हणून तिने नावेत एक उतारू बसवला, मग दुसरा, आणि दिवस कलताना सात पाने भरली.

दुसऱ्या दिवशी खिडकीत एक साळुंकी येऊन बसली. ती माणसासारखी बोलत असे आणि खरे तेच बोलत असे. "ही उपमा तू कुठल्याशा पोथीतून उतरवली आहेस," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "हे पान जड झाले आहे." चौथ्या दिवशी म्हणाली, "काल नावाडी म्हातारा होता. आज तो तरण्यासारखा पोहतो कसा?"

विरजेने मागचे पान पाहिले. चूक खरीच होती. तिचा हात पान फाडायला उचलला गेला, आणि तेवढ्यात आतल्या खोलीत केतकी कण्हली. विरजेने हात मागे घेतला. पुढच्या पानावर तिने लिहिले, की त्या नदीत उतरले की माणसाचे वय विरघळते. पुसता न आलेली चूक कथेत मुरली, आणि तिथून नदी निराळीच वाहू लागली.

"तू बोलतेस ते खरे आहे," विरजा साळुंकीला म्हणाली. "पण मला सात पाने भरायची आहेत." तिने मूठभर कण्या खिडकीत टाकल्या. साळुंकी टिपीत राहिली. बोलायची थांबली नाही, पण विरजेचा बोरूही थांबला नाही.

दुसऱ्या आठवड्यात कथेतली माणसे घरी येऊ लागली. सावली हरवलेली एक राजकन्या ओसरीवर बसून वेणी घाली. एक बहिरा वीणावादक तारा जुळवी. एक शिपाई चुलीपाशी हात शेकी. केतकी त्यांना पाणी देई. तिला त्यात नवल वाटत नसे. पण ती माणसे विरजेचे ऐकत नसत. नावेत चोर शिरला आहे आणि शिपायाने त्याला मारायचे आहे, असे तिने ठरवले होते. शिपाई चुलीपासून उठेना. पुष्कळ मारले, आता कोणाला मारणार नाही, असे त्याने सांगितले. विरजेने समजावले, रागावली, विनवले. सहा पाने झाली होती, सातवे कोरे होते आणि उन्हे भिंतीवर चढली होती. शेवटी तिने शिपायाचा नकारच लिहून काढला. चोर शिपायाच्या पाया पडला, तो पुढे काय बोलला हे लिहिता लिहिता पान भरून गेले.

पौर्णिमेला तिचे मन खचले. बोटे सुजली होती, नाव पाण्याच्या मध्यावर होती आणि कुठलाच काठ दिसत नव्हता. केतकी भिंतीला धरून पेजेची वाटी घेऊन आली. पुढे काय होते, तिने विचारले. विरजा म्हणाली, मलाच ठाऊक नाही.

"नावेत बसलेल्यांना तरी कुठे ठाऊक आहे, आई?" केतकी म्हणाली. "ते बसले आहेत ना."

विरजेने पेज प्यायली आणि बोरू उचलला.

एकविसाव्या दिवशी नावाड्याने वल्हे मारता मारता मान वळवली. इतके दिवस तो पाठमोरा होता. तो श्रीरंग होता.

"कागद पुरला का?" त्याने विचारले.

विरजेला बराच वेळ अक्षरे दिसेनात. मग ती लिहू लागली, आणि पुढचे दिवस सुखाचे गेले. श्रीरंग नाव चालवी, कागदाचा लगदा कसा ढवळावा ते राजकन्येला सांगे, मधूनच जुन्या सवयीने शीळ घाली. सात पाने आता सकाळीच भरत. विरजा आठवे लिही, नववे लिही. साळुंकी म्हणाली, "पाने वाढतात, नाव पुढे सरकत नाही." विरजेने ऐकले नाही. धुक्यात किनारा दिसला की ती वारा फिरवी, आणि नाव पुन्हा खोल पाण्याकडे वळे.

अमावास्येच्या सकाळी केतकीला उठवेना. तिचे ओठ पांढरे पडले होते. सुईण उशाशी बसली. विरजा खिडकीपाशी आली. कोऱ्या पानावर पाणी हालत होते.

"विरजे," श्रीरंग म्हणाला, "किनारा तीनदा आला. तीनदा तू नाव वळवलीस."

"तू उतरलास की जाशील."

"जाईन. पण मी उतरलो नाही, तर आपली पोर वाचायची नाही."

विरजा म्हणाली, "मागच्या वेळी तू मला सांगूनसुद्धा गेला नाहीस."

"तेच राहिले होते," तो म्हणाला. "आता सांगून जातो."

विरजेने पदराने डोळे पुसले आणि बोरू शाईत बुडवला. धुके निवळले. पैलतीर आला, साधाच होता, वाळूचा, त्यावर लव्हाळी होती. राजकन्या उतरली आणि तिच्या पायांपाशी सावली पडली. वीणावादक उतरला आणि त्याला लाटांचा आवाज ऐकू आला. शिपाई चोराचा हात धरून उतरला. सर्वांत शेवटी नावाड्याने दोर खुंटाला बांधला, वल्हे नावेत आडवे ठेवले आणि तिच्याकडे पाहिले.

"काय म्हणू?" त्याने विचारले.

"येतो म्हण," विरजेने लिहिले.

'येतो,' नावाडी म्हणाला आणि लव्हाळ्यांतून चालत गेला. तिने खाली लिहिले, 'कथा संपली.' सूर्य अजून डोंगरावर हातभर होता.

आतून बाळाचे रडणे ऐकू आले. केतकीला मुलगी झाली होती, आणि आईच्या ओठांवर पुन्हा रंग आला होता. दोन वर्षे वाट पाहिलेले ते बाळ बऱ्याच वेळाने शांत झाले. कथा संपली त्याच घटकेला पुलाची कमान बसली. मडकी चाकावरून उतरली. नगरात सात मांडवांत मंगलाष्टके एकदम संपली आणि अक्षतांचा पाऊस पडला. रानातल्या कैऱ्यांना पाड लागला आणि चहूकडे वास दरवळला.

राजाने विरजेला पोथी वाचायला बोलावले आणि तीन दिवस मांडी न मोडता ऐकली. मग त्याने शंबलाला आपल्या शेजारी आसन दिले आणि उरलेली पन्नास वर्षे सांगण्याची विनंती केली. ते ऐकायला सात दिवस लागले. त्या दिवसांत रानात दोन वाघ दिसले. राजा उठला नाही.

विरजा घरी आली. दुसऱ्या दिवशी सवयीने खिडकीपाशी बसली. ओसरीवर कोणी नव्हते, चुलीपाशी कोणी नव्हते. तिला इतके एकटे वाटले, की नातीला मांडीवर घेऊन ती दुपारपर्यंत तशीच बसली. नंतर तिने पोथी चाळली. एका जागी नदी पूर्वेला वाहत होती, दुसऱ्या जागी पश्चिमेला. चोराचे नाव दोनदा बदलले होते. तिने काही दुरुस्त केले नाही. पोथी लाल कापडात बांधून फळीवर ठेवली.

पुढे लोक दुरून येत आणि विचारीत, की एवढी कथा एका महिन्यात कशी लिहिलीस, कोणत्या देवीचा वर होता. विरजा म्हणे, "कथा कुठून आली ते मला सांगता येणार नाही. मी रोज बसले, एवढे खरे."

तिच्या घरी जसे समाधान नांदले, तसे ऐकणाऱ्यांच्या घरी नांदो.